मतांपासून जागांपर्यंत : यादी पद्धतीचा निकाल स्प्रेडशीटवर

निवडणुकीचा निकाल म्हणजे मतांची मोजणी, असा भारतीय मतदाराचा समज असतो आणि तो स्वाभाविकही आहे. कारण लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतदारसंघात ज्या उमेदवाराला सर्वाधिक मते पडतात तो निवडून येतो आणि मोजणी संपताच निकालही हाती येतो. यादी पद्धतीत मात्र मतमोजणी हा निकालाचा केवळ पूर्वार्ध असतो. या पद्धतीत मतदार उमेदवाराला नव्हे तर पक्षाला मत देतो, पक्षाने आपल्या उमेदवारांची यादी आधीच सादर केलेली असते आणि पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्या यादीतील तितके उमेदवार सभागृहात जातात. सगळी मेख ‘प्रमाणात’ या शब्दात आहे. मते लाखांत असतात, जागा मोजक्या असतात, प्रमाण काढले की अपूर्णांक येतात आणि पाऊण खासदार निवडता येत नाही. या अपूर्णांकांचे काय करायचे हे ठरवणाऱ्या नियमाला जागावाटपाची पद्धत म्हणतात. हा नियम साध्या भागाकारावर उभा असल्यामुळे एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स यांपैकी कोणत्याही स्प्रेडशीटवर कोणालाही संपूर्ण निकाल स्वतः काढता येतो, अधिकृत निकालाशी ताडून पाहता येतो आणि नियम बदलला असता तर काय झाले असते याचाही अंदाज घेता येतो.

या आकडेमोडीसाठी शेजारच्या नेपाळचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. २०१५ च्या संविधानानुसार नेपाळच्या प्रतिनिधिसभेत २७५ सदस्य असतात. त्यांपैकी १६५ भारताप्रमाणेच एकसदस्यीय मतदारसंघांतून निवडून येतात, तर उरलेल्या ११० जागा संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ मानून यादी पद्धतीने भरल्या जातात. नेपाळमध्ये या दुसऱ्या भागाला ‘समानुपातिक’ म्हणतात आणि त्यासाठी मतदाराला स्वतंत्र मतपत्रिका मिळते. या ११० जागांच्या वाटपात भाग घेण्यासाठी पक्षाला एकूण वैध मतांपैकी किमान ३ टक्के मते मिळवावी लागतात. या किमान अटीला मतांचा उंबरठा म्हणता येईल. २० नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीत समानुपातिक भागात सुमारे १ कोटी ५ लाख ६० हजार वैध मते पडली आणि सात पक्षांनी हा उंबरठा ओलांडला. त्यांची मते व जागा पुढीलप्रमाणे होत्या.

| पक्ष | मते | जागा |
|---|---|---|
| नेकपा (एमाले) | २८,४५,६४१ | ३४ |
| नेपाळी काँग्रेस | २७,१५,२२५ | ३२ |
| नेकपा (माओवादी केंद्र) | ११,७५,६८४ | १४ |
| राष्ट्रीय स्वतंत्र पक्ष | ११,३०,३४४ | १३ |
| राष्ट्रीय प्रजातंत्र पक्ष | ५,८८,८४९ | ७ |
| जनता समाजवादी पक्ष | ४,२१,३१४ | ५ |
| जनमत पक्ष | ३,९४,६५५ | ५ |

मधल्या रकान्यावरून शेवटचा रकाना कसा निघाला, हे शोधणे हेच या लेखाचे प्रयोजन आहे. नेपाळमध्ये त्यासाठी सेंट-लाग्यू पद्धत वापरली जाते. आंद्रे सेंट-लाग्यू या फ्रेंच गणितज्ञाने १९१० मध्ये ती मांडली. तिचा नियम असा, की प्रत्येक पक्षाच्या मतांना १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी ओळीने भागत जावे, सर्व पक्षांचे सर्व भागाकार एकत्र करून मोठ्याकडून लहानाकडे लावावेत आणि जितक्या जागा वाटायच्या असतील तितके वरचे भागाकार निवडावेत; ज्या पक्षाचे जितके भागाकार या निवडीत येतील तितक्या त्याच्या जागा. नेपाळच्या आकड्यांत पहिली जागा एमालेला २८,४५,६४१ या भागाकारावर मिळते, दुसरी काँग्रेसला, तिसरी माओवादी केंद्राला आणि चौथी राष्ट्रीय स्वतंत्र पक्षाला. पाचव्या जागेच्या वेळी एमालेची मते ३ ने भागून येणारे ९,४८,५४७ हे राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षाच्या पूर्ण ५,८८,८४९ मतांपेक्षा मोठे ठरतात, म्हणून ती जागा पुन्हा एमालेकडे जाते. असे करत बाराव्या जागेपर्यंत सातही पक्षांचे खाते उघडलेले असते.

विषम संख्याच का, हा प्रश्न येथे रास्त आहे. एखाद्या पक्षाचा वाटा साडेचारपेक्षा जास्त भरला तर त्याला पाच जागा द्याव्यात आणि कमी भरला तर चार, हा शाळेत शिकवला जाणारा पूर्णांकनाचा नियम आहे. याचा अर्थ पक्षाला पहिली जागा अर्ध्यावर, दुसरी दीडवर, तिसरी अडीचवर मिळायला हवी. म्हणजे भाजक अर्धा, दीड, अडीच, साडेतीन असे हवेत. त्या सर्वांची दुप्पट केली की १, ३, ५, ७ ही मालिका मिळते आणि सगळेच भाजक दुप्पट झाल्याने भागाकारांचा क्रम तोच राहतो. याउलट व्हिक्टर द’हाँट या बेल्जियन कायदेपंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या पद्धतीत भाजक १, २, ३, ४ असे असतात. त्यांचा अर्थ असा, की वाटा पूर्ण पाच भरल्याशिवाय पाचवी जागा नाही. अपूर्णांक सरसकट सोडून देण्याचा हा नियम मोठ्या पक्षांना झुकते माप देतो. कारण तेहतीस जागांच्या पक्षाने पाऊण जागा गमावली तर त्याचे फारसे बिघडत नाही, पण पाच जागांच्या पक्षाच्या दृष्टीने ती मोठी तूट असते. नॉर्वेमध्ये सेंट-लाग्यूचा पहिला भाजक १ ऐवजी १.४ धरला जातो, त्यामुळे अगदी लहान पक्षाला पहिली जागा मिळणे जड जाते. नेपाळच्या २०२२ च्या आकड्यांवर ही सुधारणा लावली तरी निकालात काहीच फरक पडत नाही, कारण सातही पक्ष पहिल्या जागेच्या कितीतरी पुढे गेलेले आहेत.

आता प्रत्यक्ष मांडणी. स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात पक्षांची नावे आणि दुसऱ्यात मते लिहावीत. उंबरठा पार न करणाऱ्या पक्षांसह सर्वांची मते घ्यावीत, कारण टक्केवारी एकूण वैध मतांवर काढायची असते. येथेच पहिला खड्डा आहे. नेपाळी भाषेतील निकालपत्रकात आकडे देवनागरीत असतात आणि तसेच ते उचलून चिकटवले तर स्प्रेडशीट त्यांना संख्या न मानता मजकूर मानू शकते. बेरीज करणारे ‘सम’ हे सूत्र मजकुराच्या चौकटी गुपचूप वगळते, त्यामुळे चूक झाल्याचा कोणताही इशारा न मिळता बेरीज कमी भरते. म्हणून आकडे आधी इंग्रजी (आंतरराष्ट्रीय) अंकांत आणावेत आणि त्यांची बेरीज जाहीर झालेल्या एकूण वैध मतांशी जुळते का, हे पाहूनच पुढे जावे.

तिसऱ्या रकान्यात ‘पात्र मते’ काढावीत. यासाठी ‘इफ’ हे अट घालणारे सूत्र पुरते: पक्षाने उंबरठा गाठला असेल तर त्याची मते जशीच्या तशी घ्यावीत, नसेल तर शून्य धरावे. उंबरठ्याचा आकडा सूत्राच्या आत लिहून टाकण्याऐवजी वेगळ्या चौकटीत ठेवावा, म्हणजे पुढे तो एका ठिकाणी बदलला की सगळा तक्ता आपोआप बदलतो. तुलना करताना टक्केवारी न वापरता पूर्ण संख्या वापरणे श्रेयस्कर असते. म्हणजे पक्षाच्या मतांची शंभरपट ही एकूण मतांच्या तिप्पटीइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त आहे का, असे विचारावे. या काळजीमागे प्रत्यक्ष घडलेला प्रसंग आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात ५ एप्रिल १९९२ रोजी झालेल्या निवडणुकीत ग्रीन पक्षाला ४.९७ टक्के मते मिळाली होती आणि उंबरठा ५ टक्क्यांचा होता. परंतु निकाल छापणारी संगणकप्रणाली दशांश चिन्हानंतर एकच अंक दाखवत असल्यामुळे कागदावर ५.० असा आकडा उमटला आणि पक्ष सभागृहात पोहोचल्याचे जाहीर झाले. चूक उघडकीस आल्यावर जागावाटप बदलले आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला ८९ पैकी ४५ जागा, म्हणजे एका जागेचे निसटते बहुमत मिळाले. चौकटीत दिसणारा आकडा आणि तिच्यात साठवलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्प्रेडशीट वापरणाऱ्याने कायम ध्यानात ठेवायला हवे.

यानंतर भाजकांचा तक्ता येतो. सर्वांत वरच्या ओळीत १, ३, ५, ७ असे भाजक लिहावेत. पहिल्या चौकटीत १ आणि पुढच्या प्रत्येक चौकटीत ‘डावीकडची चौकट अधिक २’ एवढे लिहून सूत्र ओढले की मालिका तयार होते. खाली प्रत्येक पक्षाच्या ओळीत पात्र मतांना वरच्या भाजकाने भागावे. एकच सूत्र संपूर्ण तक्त्यावर ओढायचे असल्याने मतांचा रकाना आणि भाजकांची ओळ डॉलरच्या चिन्हाने पक्की करावी लागते. तसे केले नाही तर सूत्र ओढताना संदर्भही सरकत जातात आणि दुसऱ्याच आकड्यांचा भागाकार होऊ लागतो. भाजक किती घ्यावेत याबद्दल कंजुषी करू नये. सर्वांत मोठ्या पक्षाला ३४ जागा मिळणार असतील आणि रकाने तीसच असतील, तर त्या पक्षाच्या जागा तिसावर अडतात आणि उरलेल्या चार इतरांकडे वळतात. निकाल दिसायला व्यवस्थित, पण असतो चुकीचा. वाटायच्या जागा ११० असतील तर भाजकही ११० घेतले म्हणजे ही शक्यताच उरत नाही.

भागाकारांना हाताने क्रम लावण्याची गरज नसते. ‘लार्ज’ हे सूत्र दिलेल्या तक्त्यातील पहिली, दुसरी किंवा एकशेदहावी मोठी संख्या शोधून देते. नेपाळच्या तक्त्यात एकशेदहावा भागाकार ४२,४७२ इतका येतो. तो एमालेच्या मतांना ६७ ने भागून मिळतो, म्हणजे शेवटची जागा एमालेची चौतिसावी जागा आहे. मग ‘काउंटइफ’ या मोजणीच्या सूत्राने प्रत्येक पक्षाच्या ओळीत या संख्येइतके किंवा तिच्याहून मोठे किती भागाकार आहेत, हे मोजले की जागांचा रकाना भरतो आणि वरच्या कोष्टकाशी तंतोतंत जुळतो. शेवटी जागांची बेरीज ११० येते का, हे पाहणारी एक तपासणीची चौकट ठेवावी. ती १११ दाखवत असेल, तर शेवटच्या जागेवर दोन पक्षांची बरोबरी झाली आहे असे समजावे. अशा वेळी सूत्राने नव्हे तर कायद्यात सांगितलेल्या रीतीने, अनेक देशांत चिठ्ठ्या टाकून, निर्णय होतो.

याच तक्त्यात ‘लार्ज’ला एकशेअकरावा भागाकार विचारला तर ४१,८६५ हे उत्तर मिळते आणि ते राष्ट्रीय स्वतंत्र पक्षाच्या चौदाव्या जागेचे असते. रवी लामिछाने यांच्या नेतृत्वाखालील हा पक्ष २०२२ मध्येच स्थापन झाला होता आणि पहिल्याच निवडणुकीत त्याने अकरा लाखांवर मते मिळवली होती. इतर पक्षांची मते तेवढीच राहून त्याला आणखी १६,४०७ मते पडली असती, तर एमालेची चौतिसावी जागा त्याच्याकडे गेली असती. अधिकृत निकालपत्रकात हा तपशील सहसा नसतो. तो भागाकारांच्या तक्त्यातूनच हाती लागतो.

निकाल पडताळण्याची आणखी एक, अधिक आटोपशीर रीत आहे. सात पात्र पक्षांच्या ९२,७१,७१२ मतांना ११० ने भागले की एका जागेमागे ८४,२८८ मते येतात. प्रत्येक पक्षाच्या मतांना या संख्येने भागून ‘राउंड’ या पूर्णांकन करणाऱ्या सूत्रात घातले, तर एमालेचे ३३.७६ चे ३४, काँग्रेसचे ३२.२१ चे ३२, जनमत पक्षाचे ४.६८ चे ५ होतात आणि सर्वांची बेरीज बरोबर ११० भरते. दर वेळी ती अशी पहिल्या फटक्यात भरतेच असे नाही. कमी भरली तर भाजक थोडा लहान करावा, जास्त भरली तर मोठा करावा, आणि बेरीज जुळली की जे जागावाटप मिळते ते भागाकारांच्या तक्त्यातल्या जागावाटपाशी एकरूप असते. द’हाँट पद्धतीसाठी हीच रीत अपूर्णांक कापणाऱ्या ‘राउंडडाउन’ या सूत्राने वापरता येते.

अमेरिकेत याच दोन रीती राज्यांमध्ये प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटण्यासाठी फार आधी सुचवल्या गेल्या होत्या. द’हाँटची पद्धत मुळात थॉमस जेफरसन यांची आणि सेंट-लाग्यूची डॅनियल वेबस्टर यांची. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी सुचवलेली तिसरी रीत वरवर सर्वांत सोपी वाटते: प्रत्येकाला पूर्णांकाइतक्या जागा द्याव्यात आणि उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकांच्या क्रमाने वाटाव्यात. नेपाळच्या २०२२ च्या मतांवर ती लावली तर उत्तर सेंट-लाग्यूसारखेच येते. परंतु १८८० च्या जनगणनेनंतर जागा वाटण्याचे गणित करताना असे आढळले, की प्रतिनिधिगृहात २९९ जागा असतील तर अलाबामा राज्याला ८ मिळतात आणि एकूण जागा वाढवून ३०० केल्या तर ७ च मिळतात. भाजकांवर आधारलेल्या पद्धतींमध्ये असा विपरीत प्रकार घडूच शकत नाही, कारण एकूण जागा वाढल्या की क्रमवारीतला पुढचा एक भागाकार तेवढा निवडीत येतो आणि आधीचे जसेच्या तसे राहतात.

तक्ता एकदा तयार झाला, की नियम बदलून पाहणे हे काही सेकंदांचे काम असते. भाजकांच्या ओळीतील ‘अधिक २’ च्या जागी ‘अधिक १’ केले की सेंट-लाग्यूचे द’हाँट होते. नेपाळच्या आकड्यांवर हा बदल केल्यास जनमत पक्षाचे खाते बाराव्याऐवजी विसाव्या जागेवर उघडते, पण अंतिम निकालात फक्त एक जागा हलते: जनमत पक्षाच्या ५ च्या ४ होतात आणि नेपाळी काँग्रेसच्या ३२ च्या ३३. एकाच मतदारसंघात ११० जागा असल्यामुळे पद्धतीचा परिणाम असा पातळ होतो. चार-पाच जागांच्या लहान मतदारसंघांत मात्र हाच बदल निर्णायक ठरू शकतो.

उंबरठ्याच्या चौकटीत ३ ऐवजी २.५ लिहिले तर चित्र याहून कितीतरी अधिक बदलते. नेकपा (एकीकृत समाजवादी) या पक्षाला २,९८,३९१ मते, म्हणजे २.८३ टक्के मते मिळाली होती. मतदारसंघांतून त्याचे १० खासदार निवडून आले, पण उंबरठ्याला सुमारे १८,४०० मते कमी पडल्याने यादीतून त्याला एकही जागा मिळाली नाही. नागरिक उन्मुक्ती पक्षही २,७१,७२२ मते मिळवून २.५७ टक्क्यांवर थांबला होता. अर्ध्या टक्क्याने उंबरठा खाली येताच या दोन्ही पक्षांना प्रत्येकी ३ जागा मिळतात आणि एमाले ३२ वर, काँग्रेस ३० वर, माओवादी केंद्र १३ वर व जनमत पक्ष ४ वर उतरतो. म्हणजे भाजकांची सबंध पद्धत बदलूनही जेथे एकच जागा हलली, तेथे उंबरठ्याच्या एका चौकटीने सहा जागा हलवल्या. अर्थात हा हिशोब जुन्याच मतांवर केलेला आहे. उंबरठा खरोखर कमी असता तर मत वाया जाण्याची भीती घटून काही मतदारांनी वेगळा कौल दिला असता आणि पक्षांच्या युत्याही वेगळ्या झाल्या असत्या. त्यामुळे अशा उत्तरांकडे भाकीत म्हणून न पाहता नियमाचे वजन मोजण्याचे साधन म्हणून पाहावे.

स्प्रेडशीटची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्राच्या विधानसभेचे सदस्य राज्यसभेवर आणि विधान परिषदेवर प्रतिनिधी पाठवतात तेव्हाही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचेच तत्त्व लागू असते, परंतु तेथे एकल संक्रमणीय मताची पद्धत असते. तिच्यात मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि विजयी उमेदवाराची जादा मते पुढच्या पसंतीकडे वळवली जातात. त्या निकालासाठी प्रत्येक मतपत्रिकेवरील क्रम माहीत असावा लागतो आणि फेरीमागून फेरी मोजावी लागते. केवळ एकूण मतांच्या रकान्यावरून तो काढता येत नाही. यादी पद्धतीत मात्र पक्षनिहाय मतांचा एक रकाना, वाटायच्या जागांची संख्या आणि उंबरठा एवढी सामग्री पुरते.

ज्या देशाचा निवडणूक आयोग पक्षनिहाय मतांचे आकडे थेट गणितात घेता येतील अशा रूपात, अपात्र ठरलेल्या पक्षांसह जाहीर करतो, तेथे जागावाटपाचा प्रत्येक टप्पा सामान्य नागरिकालाही तपासता येतो. यादी पद्धतीविषयीच्या चर्चेत सेंट-लाग्यू बरी की द’हाँट बरी, यावर बराच खल होतो; नेपाळच्या २०२२ च्या आकड्यांनी दिलेला निर्वाळा मात्र असा आहे, की मोठ्या मतदारसंघात भाजकांच्या निवडीपेक्षा उंबरठ्याच्या निवडीचा परिणाम कितीतरी मोठा असतो आणि कायदा करताना खरी चर्चा त्याच आकड्यावर व्हायला हवी.